पत्त्यातलं अधिक चिन्ह: छोट्या धंद्याचा इनबॉक्स लावायची रीत

मागच्या लग्नसराईत आमच्याकडून एका पत्रिकेवर मुहूर्त चुकला. १२ वाजून ३५ मिनिटांच्या जागी १२ वाजून ५३ मिनिटं. पाचशे पत्रिका, त्याही सोनेरी फॉइलच्या. नवरीच्या काकांनी दुरुस्तीचा मेल आदल्या रात्रीच पाठवला होता. तो आलाही होता. पण कागदवाल्याचं बिल, बँकेच्या सूचना, कुठल्याशा मशीनविक्रेत्याची जाहिरात आणि हळदीच्या पाकिटाचं डिझाइन यांच्यात तो दबून गेला, आणि आमच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या) मुलानं दोन दिवसांपूर्वीच्या ‘ओके’वर छपाईची प्लेट काढली. पत्रिका पुन्हा छापल्या, अर्थात आमच्या खर्चानं. काका भले माणूस, फार बोलले नाहीत. त्यामुळे जास्तच लागलं.

सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. एक ऑफसेट मशीन, एक कटिंग, दोन कॉम्प्युटर, आणि सगळ्यांना मिळून एकच जीमेल. तुम्ही म्हणाल, आजकाल मेल कोण करतं, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं की. खरं आहे, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला लोगो दाबला जातो आणि छापल्यावर कडा फाटतात. शिवाय ‘प्रूफ ओके’ (छापण्याआधीचा नमुना पसंत असल्याचं उत्तर) लेखी हवं असतं, तेही तीन महिन्यांनी शोधलं तर सापडेल अशा जागी. म्हणून आमच्या धंद्यात मेल गेलेला नाही आणि जाणारही नाही.

त्या पत्रिकेनंतर मी इनबॉक्स आवरायला बसलो. आधी सगळे करतात तेच केलं: पाठवणाऱ्याच्या नावानं कप्पे. कागदवाल्यासाठी ते जमलं, कारण त्याचा पत्ता एकच. गिऱ्हाइकांसाठी मात्र सपशेल फसलं. लग्नाचं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा येतं, गणेश मंडळाचा कार्यकर्ता दरवर्षी बदलतो, आणि ऑर्डर वडिलांच्या मेलवरून आली तर दुरुस्ती पुतण्याच्या मेलवरून येते. पाठवणारा कोण असेल ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एकच गोष्ट असते: त्याला आपला कोणता पत्ता द्यायचा. सगळी वर्गवारी तिथेच, पत्ता देतानाच उरकून टाकायची. ती कशी, ते खाली सविस्तर सांगतो. सगळं फुकट आहे आणि एका दुपारचं काम आहे.

आधी गंमत समजून घ्या

समजा तुमचा पत्ता ‘माझाप्रेस@जीमेल.कॉम’ आहे. (हे नाव नुसतं उदाहरणाला घेतलंय. वाचायला सोपं जावं म्हणून सगळे पत्ते इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.) आता ‘ॲट द रेट’च्या आधी अधिकचं चिन्ह टाका आणि त्यापुढे काहीही लिहा: ‘माझाप्रेस+बिल@जीमेल.कॉम’, ‘माझाप्रेस+प्रूफ@जीमेल.कॉम’. या पत्त्यांवर पाठवलेला मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो. कुठे नोंदणी नाही, परवानगी नाही. पत्रावर नावाखाली कुणी ‘मागच्या दारानं’ लिहिलं तरी पोस्टमन घर बरोबर गाठतो, तसंच हे. जीमेल पोचवताना अधिकच्या पुढचं काही बघत नाही, पण पत्त्यावरची ती खूण पुसतही नाही. आणि खूण शिल्लक असली की तिच्यावरून मेल वेगळा काढता येतो.

जीमेलच्या नावात अक्षरं, आकडे आणि टिंब एवढंच चालतं, अधिकचं चिन्ह चालत नाही. त्यामुळे हे पत्ते चुकून दुसऱ्या कुणाचे निघतील ही भीती नाही. लहान-मोठ्या लिपीनंही फरक पडत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा असा की चूक झाली तरी मेल हरवत नाही. कुणी ‘बिल’ऐवजी ‘बील’ लिहिलं, एखादं अक्षर जास्त टाकलं, तरी मेल येतोच. फक्त त्याला कप्पा मिळत नाही. उघड्या इनबॉक्समध्ये पडून राहतो आणि दिसतो.

आउटलुक.कॉमवरही ही सोय आहे. याहूमध्ये वेगळी तऱ्हा, तिथे आधी पत्ता तयार करावा लागतो आणि अधिकच्या जागी छोटी आडवी रेघ येते. तुमचा मेल तिसऱ्याच कुठल्या कंपनीचा असेल तर वाद न घालता घरातल्या कुणाच्या तरी मेलवरून खूण लावलेल्या पत्त्यावर एक चाचणी मेल पाठवा. आला तर सोय आहे, परत गेला तर नाही. पुढचं सगळं मी जीमेल धरून लिहितोय.

कप्पे किती करायचे

इथे नवशिका हमखास घसरतो. मीही घसरलो. पहिल्या उत्साहात मी सतरा खुणा केल्या: लग्नपत्रिकेला एक, व्हिजिटिंग कार्डाला एक, पावती पुस्तकाला एक, मंडळांना एक, शाळांना एक. आठवड्यात गोंधळ. काउंटरवर बसलेल्याला आठवेना की शाळेच्या पावती पुस्तकासाठी कोणता पत्ता सांगायचा.

मग एक कसोटी लावली. हा मेल आला की कोण उठून काम करणार? छपाई कसली आहे याच्याशी इनबॉक्सला देणंघेणं नाही. त्या हिशेबानं आमच्याकडे चारच खुणा उरल्या:

ऑर्डर – नवी चौकशी, कोटेशन, डिझाइनचा कच्चा माल. मी बघतो.
प्रूफ – दुरुस्त्या आणि ‘ओके’. डीटीपीचा मुलगा बघतो.
बिल – कागद, शाई, प्लेट, लॅमिनेशनवाला, वीज, फोन. बायको बघते, कारण हिशेब तिच्याकडे.
साइट – जिथे जिथे फॉर्म भरावा लागतो ती सगळी जनता. कुणीच बघत नाही, आणि तेच बरं.

तुमचा धंदा खाणावळीचा असेल, शिवणकामाचा असेल, तर खुणा बदलतील, पण चार-पाचाच्या वर जाऊ नका. शब्दही असे घ्या की रोमनमध्ये एकाच तऱ्हेनं लिहिले जातील. ‘खरेदी’ हा शब्द आमच्या घरातले तीन जण तीन स्पेलिंगनं लिहितात, म्हणून तो बाद.

लेबल आणि फिल्टर

लेबल म्हणजे मेलला लावायची नावाची चिठ्ठी, आणि फिल्टर म्हणजे ती आपोआप लावणारा नियम. हे काम कॉम्प्युटरवरच करा. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवायची सोयच नाही, शोधत बसू नका.

आधी लेबलं. डाव्या पट्टीत ‘लेबल्स’ शब्दाशेजारी अधिकचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करून एकेक नाव द्या. लेबलचं नाव खुशाल मराठीत द्या, तिथे देवनागरी उत्तम चालते. नावावर माउस नेला की तीन टिंबं दिसतात. तिथून रंग द्या. प्रूफला लाल दिला आहे, का ते सांगायला नको.

लेबल म्हणजे फाइलींचा खण नव्हे. एका मेलला दोन-तीन लेबलं लागू शकतात आणि मेल मुळात एकाच जागी असतो. लेबल काढलं म्हणून मेल पुसला जात नाही. जुन्या लोकांना हे पटायला वेळ लागतो. आमच्या बाइंडरना मी फाइलीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांचं उदाहरण दिलं तेव्हा कुठे पटलं.

आता फिल्टर. वरच्या शोधपेटीच्या उजव्या टोकाला सरकत्या बटणांसारखं एक चिन्ह आहे. ते दाबलं की फॉर्म उघडतो. त्यात ‘टू’ या रकान्यात पूर्ण पत्ता लिहा, ‘माझाप्रेस+प्रूफ@जीमेल.कॉम’, आणि खाली ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. पुढच्या पानावर खुणेच्या चौकटींची यादी येते. प्रूफसाठी मी तीन ठिकाणी टिचकी मारली: ‘अप्लाय द लेबल’मध्ये प्रूफ, ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’, आणि ‘कॅटेगराइज ॲज’मध्ये प्रायमरी. शेवटचं विसरू नका. नव्या गिऱ्हाइकाचा मेल जीमेल कधीकधी उगाच प्रमोशन्सच्या टॅबमध्ये टाकतं आणि तिथे तो जाहिरातींसोबत शिळा होतो.

बिलासाठी वेगळा विचार. तिथे ‘स्किप द इनबॉक्स’ लावलं, म्हणजे बिल आलं की थेट लेबलाखाली जातं आणि समोरच्या यादीत दिसत नाही. समोरची यादी एकदम हलकी होते. पण ज्या लेबलाला ‘स्किप’ लावाल ते उघडून बघायचा वार ठरलेला हवा. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार आहे. वार ठरवणं होत नसेल तर ‘स्किप’ लावू नका, नाहीतर विजेचं बिल नीट लेबलाखाली विसावलेलं असेल आणि प्रेस अंधारात. साइटच्या खुणेला मात्र डोळे मिटून ‘स्किप’ लावा, आणि तिथे ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ चुकूनही लावू नका.

एक बारीक अडचण. काही जण मेल बीसीसीमध्ये पाठवतात, म्हणजे एकच मेल गुपचूप पन्नास जणांना. कागदाचे घाऊक व्यापारी दरवाढीची पत्रं अशीच धाडतात. तेव्हा ‘टू’च्या ओळीत तुमचा पत्ताच नसतो आणि फिल्टरला काही सापडत नाही. अशांसाठी त्याच फॉर्ममधल्या ‘हॅज द वर्ड्स’ रकान्यात ‘डिलिव्हर्डटू’ हा शब्द रोमनमध्ये, सलग, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्याला चिकटून पूर्ण पत्ता असं लिहून दुसरा फिल्टर करा. तो मेल प्रत्यक्ष कोणत्या पत्त्यावर पोचला ते बघतो.

चारही फिल्टर झाले की बाहेरच्या मेलवरून चारही पत्त्यांवर एकेक मेल पाठवून तपासा. स्वतःलाच स्वतःच्या मेलवरून पाठवलात तर तो ‘सेंट’मध्येही दिसतो आणि नेमकं काय झालं ते कळत नाही.

गिऱ्हाइकाला अधिक चिन्ह सांगत बसू नका

पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं फोनवर पत्ता सांगितला: “माझाप्रेस प्लस ऑर्डर ॲट द रेट…” पलीकडच्या ताईंनी ‘प्लस’ हा शब्द अक्षरं जोडून लिहिला. मेल परत गेला, त्यांचा फोन आला, मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा तसंच लिहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, “दादा, तुमचा साधा मेल नाही का हो?” बरोबर होतं त्यांचं. आपली सोय म्हणून गिऱ्हाइकाला कोडं घालायचं नसतं.

तेव्हा तोंडी सांगायचा पत्ता नेहमी साधाच. खूण आपण लावायची, तीही अशी की समोरच्याला कळणारही नाही. ते असं जमतं:

जीमेलच्या दातेरी चक्रावर क्लिक करून ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’. तिथे ‘सेंड मेल ॲज’समोर ‘ॲड अनदर ईमेल ॲड्रेस’. छोटी खिडकी उघडेल. नावात प्रेसचं नाव, पत्त्यात ‘माझाप्रेस+प्रूफ@जीमेल.कॉम’, ‘ट्रीट ॲज ॲन एलियस’ला खूण तशीच राहू द्या आणि पुढे जा. पडताळणीचा कोड मागितलाच तर तो तुमच्याच इनबॉक्समध्ये येईल. त्यानंतर नवा मेल लिहिताना ‘फ्रॉम’च्या ओळीत बाण दिसतो आणि कोणत्या पत्त्यावरून पाठवायचं ते निवडता येतं.

आता डीटीपीचा मुलगा प्रूफ पाठवताना ‘फ्रॉम’मध्ये प्रूफवाला पत्ता निवडतो. गिऱ्हाईक नुसतं ‘रिप्लाय’ दाबून लिहितं, “आजोबांच्या नावापुढे कै. राहिलंय, बाकी ठीक.” त्यानं पत्ता टाइप केलेलाच नाही, पण उत्तर थेट लाल लेबलाखाली येऊन पडतं. मुहूर्ताची चूक ज्या फटीतून शिरली होती ती याच एका गोष्टीनं बुजली. बाकी सगळं केलं नाहीत तरी चालेल, एवढं करा.

त्याच पानावर थोडं खाली, उत्तर देताना कोणता पत्ता वापरायचा असा प्रश्न आहे. ‘रिप्लाय फ्रॉम द सेम ॲड्रेस’ने सुरू होणारा पर्याय निवडा. नाहीतर बिलाच्या खुणेवर आलेल्या मेलला तुमचं उत्तर साध्या पत्त्यावरून जातं, समोरच्याच्या यादीत साधा पत्ता बसतो आणि पुढच्या महिन्यापासून त्याची बिलं पुन्हा मोकाट.

विषयाच्या ओळीची शिस्तही याला जोडून घ्या. आम्ही ‘जॉब २१४ – पाटील लग्नपत्रिका – प्रूफ २’ असं लिहितो. जॉबनिहाय खुणा करायचा मोह होतो, करू नका. शोधपेटीत ‘जॉब २१४’ टाकलं की पहिल्यापासूनची सगळी गाथा एका जागी दिसते.

छापील ठिकाणी मात्र खुणेचा पत्ता चालतो, कारण तिथे ऐकण्यात चूक होत नाही. आमच्या कोटेशनच्या तळाशी ऑर्डरवाल्या पत्त्याचा क्यूआर आहे. स्कॅन केला की मेलचं कोरं पान पत्त्यासकट उघडतं. छापायच्या आधी तो दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा. क्यूआर बनवण्यात गडबड झाली तर अधिकच्या जागी मोकळी जागा पडते, आणि हजार कागद छापल्यावर ते कळणं छापखानेवाल्यालासुद्धा परवडत नाही.

फोनवर घंटी कुणाची वाजावी

अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये तीन रेघांच्या मेनूत जाऊन सेटिंग्ज, त्यात तुमचं अकाउंट, मग ‘मॅनेज लेबल्स’. प्रूफ लेबल उघडा. आधी ‘सिंक मेसेजेस’मध्ये ३० दिवसांचा पर्याय निवडा, त्याशिवाय पुढचं उघडत नाही. मग ‘लेबल नोटिफिकेशन्स’ आणि प्रत्येक मेलला कळवा ही खूण. इनबॉक्सची घंटी तिथूनच बंद करता येते. माझ्या फोनवर आता फक्त ऑर्डर आणि प्रूफ वाजतात. रात्री साडेनऊला फोन वाजला तर जेवण सोडून बघण्यासारखं काहीतरी असतं, हे घरच्यांनाही माहीत झालंय.

फॉर्मला अधिक चिन्ह आवडत नाही तेव्हा

होतं असं. काही वेबसाइटी ‘इनव्हॅलिड ईमेल’ म्हणून ओरडतात. नियमानं हे चिन्ह पूर्ण वैध आहे, पण फॉर्म बनवणाऱ्यानं आळस केलेला असतो. भांडून उपयोग नाही.

दोन आडवाटा आहेत. एक, ‘जीमेल’च्या जागी ‘गूगलमेल’ लिहा: ‘माझाप्रेस@गूगलमेल.कॉम’. हाही तुमच्याकडेच येतो. ब्रिटन आणि जर्मनीत ‘जीमेल’ या नावावरून वाद झाले तेव्हा तिथे ही सेवा काही वर्षं गूगलमेल नावानं चालायची, तो पत्ता आजही जिवंत आहे. या पत्त्यावर साइटवाला फिल्टर लावून टाका, झालं काम.

दुसरी वाट टिंबांची. जीमेल.कॉमच्या नावातली टिंबं जीमेल मोजतच नाही, ‘माझा.प्रेस’ आणि ‘माझाप्रेस’ एकच. दहा अक्षरांच्या नावात टिंबं टाकायच्या नऊ जागा, म्हणजे ५१२ तऱ्हा होतात. ऐकायला भारी वाटतं, पण मी टिंबांच्या भरवशावर फिल्टर लावत नाही. कुठे टिंब दिलं होतं ते आठवत नाही आणि डोळ्याला पटकन दिसतही नाही. अशा साइटसाठी सरळ पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर फिल्टर लावा. साइट काही पुतण्याच्या मेलवरून लिहीत नाही.

टिंबांची दुसरी बाजू लक्षात ठेवा: स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे ‘जीमेल.कॉम’च्या जागी धंद्याचं नाव) गूगलची सशुल्क सेवा घेतली असेल तर तिथे टिंब मोजलं जातं. जीमेलची सवय तिथे नेलीत तर मेल परत जाईल.

बिलं हिशेबनिसाकडे

महिन्याच्या अखेरीला हिशेबनिसांचा फोन यायचा, “बिलं पाठवा हो,” आणि आमची शोधाशोध. आता बिलाच्या फिल्टरमध्येच ‘फॉरवर्ड इट टू’ लावलंय. आधी सेटिंग्जच्या ‘फॉरवर्डिंग’ पानावर हिशेबनिसांचा पत्ता जोडावा लागतो. त्यांच्याकडे पडताळणीचा मेल जातो, त्यांनी होकार दिला की तो पत्ता फिल्टरमध्ये दिसतो. त्यांना आधी फोन करून सांगा, नाहीतर फसवणुकीचा मेल समजून ते पुसून टाकतील. (आमच्यांनी टाकला.) फॉरवर्ड फक्त नव्या मेलांना लागू होतं, जुनी बिलं एकदा हातानं पाठवावी लागतात.

याचा उपयोग १४ तारखेला कळतो. त्या दिवशी जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. बायको एका खिडकीत बिलाचं लेबल आणि दुसऱ्या खिडकीत २बी ठेवून ओळीनं टिपत जाते. कागदवाल्याचं एखादं बिल आमच्याकडे आहे आणि यादीत नाही, तर त्याला तेव्हाच फोन. २० तारखेला जीएसटीचं विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, भरायचं असतं, तोवर सहा दिवस हातात मिळतात. पूर्वी हे १९ तारखेच्या रात्री कळायचं.

कुठे खूण लावायची नाही

बँक, जीएसटी, आयकर, विमा: इथे साधा पत्ता. या पोर्टलांवर पुढे पत्ता बदलणं म्हणजे ओटीपी आणि अर्जांचं खटलं असतं, आणि एखाद्या दिवशी त्यांच्या यंत्रणेला ते चिन्ह पचलं नाही तर तुमचाच ओटीपी अडकेल. त्यांचे मेल वेगळे काढायला पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरचा फिल्टर पुरतो.

दुसरी ठेच लॉगिनची. ज्या साइटवर खुणेसकट नोंदणी केलीत तिथे लॉगिनही खुणेसकटच. साइटच्या लेखी साधा पत्ता आणि खुणेचा पत्ता ही दोन वेगळी माणसं. मी एका शाईविक्रेत्याच्या साइटवर अर्धा तास पासवर्ड बदलायचा प्रयत्न करत होतो आणि ती म्हणत होती, असा कुणी नाहीच. शेवटी त्यांचा जुना स्वागताचा मेल काढला, पाठवणाऱ्याच्या नावाखालचा बारीक बाण दाबला आणि ‘टू’च्या ओळीत खूण सापडली. म्हणून काउंटरच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवलीय: कुठे कोणता पत्ता दिला. पासवर्ड नव्हे, फक्त पत्ता.

आणि ही खूण म्हणजे कुलूप नव्हे. अधिकपासून पुढचं खोडलं की साधा पत्ता उघडा पडतो, हे जाहिरातवाल्यांनाही माहीत असतं. तरी बरेच जण खोडायचे कष्ट घेत नाहीत, आणि मग कुणी पत्ता विकला ते कळतं. एका प्रदर्शनात मी मशीनची चौकशी करताना ‘साइट’ऐवजी मुद्दाम त्या प्रदर्शनाचीच खूण लिहिली होती. महिन्याभरात त्याच पत्त्यावर बिनतारण कर्जाच्या ऑफर सुरू झाल्या. नाव घेत नाही, पण पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या फॉर्ममध्ये मेलचा रकाना कोरा सोडला. त्या खुणेचा फिल्टर ‘डिलीट इट’वर ठेवलाय. साधा पत्ता दिला असता तर हे करता आलं नसतं.

माणसं वाढली की

एकच पासवर्ड तिघांना माहीत असणं वाईट. अकाउंट्सच्या त्याच पानावर ‘ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट’ आहे. तिथे डीटीपीच्या मुलाचा स्वतःचा जीमेल पत्ता जोडला की तो त्याच्या लॉगिनमधून प्रेसचे मेल वाचू आणि पाठवू शकतो, पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. साध्या जीमेलवर अशी दहा माणसं जोडता येतात. उद्या तो नोकरी सोडून गेला तर नाव काढलं की संपलं. त्याला मेल पुसताही येतात एवढं ध्यानात ठेवा. विश्वासाच्या माणसालाच द्या.

धंद्याच्या नावाचं डोमेन घ्यायची वेळ आली की खुणांची गरज कमी होते. गूगलच्या सशुल्क सेवेत एका माणसामागे ३० पर्यायी पत्ते जादा पैसे न देता मिळतात, म्हणजे ‘बिल ॲट द रेट’ असा सुटसुटीत पत्ता ताईंना फोनवरही सांगता येईल. फक्त तिथे पत्ता आधी तयार करावा लागतो, आणि कुणी ‘बील’ लिहिलं तर मेल येत नाही. आम्ही अजून तिथवर गेलेलो नाही. चार माणसांच्या प्रेसला चार खुणा पुरतात.

एकच पाचवी खूण आम्ही ये-जा करू देतो. श्रावण लागायच्या आधी ‘मंडळ’ सुरू होते, पावती पुस्तकं आणि अहवालांसाठी. दसऱ्यानंतर तिच्याच जागी ‘कॅलेंडर’ येते. फिल्टर तोच, त्यातला शब्द फक्त बदलतो. जानेवारीत तो फिल्टर काढून टाकायचं काम डीटीपीच्या मुलाकडे होतं, आणि गेल्या जानेवारीत तो विसरला. त्यामुळे मार्चमध्ये एका सहकारी सोसायटीनं “मागच्या वर्षीसारखंच करा” असं कॅलेंडरच्या खुणेवर पाठवलं, तेव्हा ते लेबल लावून व्यवस्थित येऊन बसलं. आता तो फिल्टर काढायचाच नाही असं ठरलंय.